एक ओळ नेमकी कशाची? डिजिटल ग्रंथालयाच्या नोंदींचा पाया

प्रश्न असा आहे: कोल्हापुरातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाकडे पुस्तके, मासिकांचे बांधीव खंड, थोडे मोडी कागद आणि देणगीत आलेले फोटो आहेत. बरेचसे स्कॅन झाले आहे. हार्ड डिस्कवर पीडीएफ आहेत, सोबत एक्सेलची एक लांबलचक यादी आहे. आता यातून डिजिटल ग्रंथालय उभे करायचे, तर डीस्पेस हे सॉफ्टवेअर घ्यावे की ग्रीनस्टोन, आणि यादीत कोणते कॉलम ठेवावेत?

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी निवडा. कॉलमही आत्ताच ठरवू नका. आधी एवढे सांगा की तुमच्या एक्सेलमधली एक ओळ नेमकी कशाची आहे. पुस्तकाची? त्या पुस्तकाच्या एका आवृत्तीची? कपाटातल्या एका प्रतीची? की हार्ड डिस्कवरच्या पीडीएफची? मी या भागातल्या संग्रहांच्या ज्या याद्या पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांमध्ये या चारही गोष्टी एकाच ओळीत कोंबलेल्या असतात. शोध नीट लागत नाही, एकच पुस्तक पाच वेळा दिसते, वर्ष चुकीचे वाटते, या सगळ्या तक्रारींचे मूळ तिथे असते. आपल्या संग्रहात कोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत, त्यांचे एकमेकांशी नाते काय आणि कोणती माहिती कोणाला चिकटते, हे ठरवणे म्हणजेच माहितीचे मॉडेल करणे. हे काम कागद-पेन्सिलीने होते आणि ते ग्रंथपालाचेच आहे. संगणकवाल्यावर सोपवू नका.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' घेऊ, कारण कोल्हापूरच्या कोणत्याही वाचनालयात ती असतेच. कादंबरी १९५९ ची. समजा तुमच्याकडे एक जुनी प्रत आहे, एक बऱ्याच नंतरच्या आवृत्तीची आहे, शिवाय हिंदी आणि इंग्रजी अनुवादही आहेत. 'वर्ष' या कॉलमात काय लिहाल? कादंबरीचे, त्या आवृत्तीचे, अनुवादाचे की स्कॅन केल्याचे? 'लेखक' या कॉलमात अनुवादकाला कुठे बसवाल? त्यात भर म्हणून गिरीश कर्नाड यांचे याच नावाचे कन्नड नाटक आहे, १९६१ चे. कथाबीज महाभारतातलेच, नाव तेच, पण साहित्यकृती सर्वस्वी वेगळी. वाचक 'ययाति' टाइप करतो आणि त्याच्यासमोर सहा सारख्या दिसणाऱ्या ओळी येतात. त्यांतल्या कोणत्या एकाच कादंबरीच्या आणि कोणती भलतीच, हे तुमच्या यादीला माहीतच नसते, मग ते सॉफ्टवेअरला कुठून कळणार?

यावरचा विचार ग्रंथालय क्षेत्राने आधीच करून ठेवला आहे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, १९९८ मध्ये एफआरबीआर नावाचे मॉडेल प्रसिद्ध केले. त्यात चार पातळ्या आहेत. मी त्यांना कामापुरते कृती, पाठ, आवृत्ती आणि प्रत म्हणतो. कृती म्हणजे खांडेकरांनी रचलेली कादंबरी. तिला पाने नाहीत, प्रकाशक नाही. पाठ म्हणजे तिचे शब्दरूप: मूळ मराठी हा एक पाठ, हिंदी अनुवाद दुसरा, इंग्रजी तिसरा, कोणी ती संपूर्ण वाचून ध्वनिमुद्रित केली तर तो आणखी एक. आवृत्ती म्हणजे तो पाठ छापून बाजारात आलेला, ज्याला प्रकाशक, साल, पृष्ठसंख्या, मुखपृष्ठ आणि नंतरच्या काळात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, असतो. आणि प्रत म्हणजे तुमच्या कपाटातली ती एकच वस्तू, जिच्यावर तुमचा शिक्का आणि दाखल क्रमांक आहे, जिच्या पहिल्या पानावर देणगीदाराची सही आहे आणि जिची मधली चार पाने गेली आहेत.

आता प्रत्येक माहिती आपापल्या जागी जाऊन बसते. लेखक कृतीला. अनुवादक आणि भाषा पाठाला. प्रकाशक आणि साल आवृत्तीला. दाखल क्रमांक, देणगीदार, फाटलेली पाने प्रतीला. कर्नाडांचे नाटक ही वेगळी कृती, आणि हवे तर दोन्ही कृतींचे महाभारतातल्या ययातीच्या आख्यानाशी नाते दाखवता येते. वाचकाला मग एकच 'ययाति, कादंबरी' दिसते आणि ती उघडली की खाली भाषा आणि आवृत्त्या.

स्कॅन कुठे बसवायचे, याबद्दल माझे मत ठाम आहे. पुस्तकी उत्तर असे की स्कॅन ही स्वतःच एक नवी, डिजिटल आवृत्ती. ते मान्य. पण ती ज्या प्रतीवरून काढली त्या प्रतीशी तिचा दुवा जोडल्याशिवाय नोंद पुरी धरू नका. स्कॅन नेहमी एका विशिष्ट प्रतीचे असते. त्या प्रतीची पाने ३३ ते ३६ गहाळ असतील तर ती स्कॅनमध्येही गहाळ आहेत. समासात कोणी पेन्सिलीने टीप लिहिली असेल तर तीही स्कॅनमध्ये आली आहे. उद्या शेजारच्या गावातल्या वाचनालयात त्याच आवृत्तीची धड प्रत सापडली, तर तेवढी चार पाने तिथून स्कॅन करून घेता येतील आणि कोणते पान कोणत्या प्रतीचे, हे नोंदीत राहील. अभ्यासकाला हा तपशील फार मोलाचा असतो.

एक सांभाळायचे. चारही पातळ्या प्रत्येक पुस्तकाला भरत बसू नका. गावातल्या एखाद्या लेखकाचे एकदाच छापलेले पुस्तक असेल, तर कृती, पाठ आणि आवृत्ती एकाच नोंदीत ठेवले तरी चालते. दुसरी आवृत्ती किंवा अनुवाद हाती आला की त्या नोंदीचे तुकडे करा. मॉडेलमध्ये पातळ्या वेगळ्या असाव्यात, भरताना गरजेपुरत्या भराव्यात. मनुष्यबळ कमी असलेल्या वाचनालयात हा समतोल साधला नाही तर काम सहा महिन्यांत थांबते.

पातळ्या वेगळ्या ठेवण्याचा सर्वांत व्यावहारिक फायदा हक्कांच्या बाबतीत दिसतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. खांडेकर सप्टेंबर १९७६ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या मराठी मजकुरावरचा हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत आहे. अनुवादावर मात्र अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो, त्याची मुदत अनुवादकाच्या मृत्यूवरून मोजायची. तेव्हा 'हक्क' हा कॉलम पाठाच्या पातळीवर हवा. पीडीएफच्या ओळीत 'कॉपीराइट: आहे/नाही' एवढेच लिहिले तर कोणत्या मजकुराचा आणि कधीपर्यंत, हे दहा वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे छापील प्रत असलेल्या कृतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. ती जतनापुरती आहे, वेबवर सर्वांना खुली करण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. म्हणून 'आपल्याकडे फाइल आहे' आणि 'ती कोणाला दाखवता येते' या दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या नोंदवा.

तुम्ही कॉलम विचारले म्हणून डब्लिन कोअर या ठरावीक कॉलमांच्या मानकाबद्दल सांगतो, कारण कोणीतरी तुम्हाला 'त्यातले १५ कॉलम घ्या, झाले' असा सल्ला देणारच. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डब्लिन या गावी झालेल्या बैठकीतून ते निघाले, नावही त्या गावावरून पडले. शीर्षक, निर्माता, विषय, दिनांक, स्वरूप, हक्क असे १५ घटक. देवाणघेवाणीसाठी ते उत्तम आहे. ओएआय-पीएमएच या, संगणकांनी आपापसांत नोंदी गोळा करण्याच्या पद्धतीने दुसऱ्या ग्रंथालयाला किंवा आयआयटी खरगपूरने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयासारख्या ठिकाणी नोंदी द्यायच्या असतील तर निदान साधे डब्लिन कोअर लागतेच. पण ते मॉडेल नव्हे, नोंद बाहेर नेण्याचे ते पाकीट आहे. त्याच्या जाणकारांनीच एक नियम घालून दिला आहे, जो बहुतेक ठिकाणी मोडला जातो: एका नोंदीत एकाच वस्तूचे वर्णन. निर्माता खांडेकर, दिनांक २०२३, स्वरूप पीडीएफ, ४१ एमबी, असे लिहिले की त्या नोंदीतली कादंबरीही खोटी आणि पीडीएफही खोटी. आत सविस्तर मॉडेल ठेवा, बाहेर देताना त्यातून डब्लिन कोअर तयार करा. उलटा प्रवास जवळपास अशक्य असतो.

आता नावांकडे येतो. कोल्हापूरच्या संग्रहात जास्तीत जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

'शाहू महाराज' असे तुमच्या यादीत लिहिलेले असेल. कोणते? साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२ ते १७४९) की कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४ ते १९२२)? मोडी कागदांत पहिले येऊ शकतात, गॅझेटमध्ये आणि पुस्तकांत दुसरे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जन्मनाव यशवंतराव घाटगे, कागलच्या घराण्यातले. १८८४ मध्ये ते दत्तक आले आणि १८९४ मध्ये राज्याधिकार हाती घेतला. म्हणजे दत्तकविधानाआधीच्या एखाद्या कागदात 'यशवंतराव' म्हणून आलेला मुलगा आणि नंतरचे 'छत्रपती', 'करवीर छत्रपती', 'राजर्षी' ही एकाच व्यक्तीची नावे. राजाराम म्हटले की आणखी गुंता: शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम, १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला निधन पावलेले कोल्हापूरचे राजाराम, आणि राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम, जे १९४० मध्ये गेले. शिवाय राजाराम कॉलेज ही संस्था. खुद्द खांडेकरही जन्माने गणेश आत्माराम, दत्तक गेल्यावर विष्णू सखाराम झाले.

शब्द जुळवून हे सुटत नाही. व्यक्तींसाठी वेगळा तक्ता करा, प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक द्या, आणि नावे त्या क्रमांकाला जोडा. एका क्रमांकाला कितीही नावे, प्रत्येक नावापुढे ते कुठे व कधी वापरले गेले ते. इफ्लाने २०१७ मध्ये आधीची मॉडेले एकत्र करून एलआरएम हे नवे मॉडेल आणले, त्यात नावाला स्वतंत्र घटकाचा दर्जा दिला आहे. व्यक्ती वेगळी, तिचे नाव वेगळे. आपल्याकडे दत्तक, लग्नानंतरची नावे, टोपणनावे, आडनावाशिवाय लिहिणारे संत आणि शाहीर, हे सगळे पाहता ही कल्पना मराठी संग्रहासाठीच केली असावी इतकी नेमकी बसते. पुस्तकाच्या नोंदीत मग 'शाहू महाराज' असे लिहायचे नाही, त्या व्यक्तीचा क्रमांक द्यायचा. वाचकाने कोणतेही नाव टाकले तरी तो त्याच माणसापर्यंत पोहोचतो.

स्थळांचेही तसेच. 'कोल्हापूर' म्हणजे निदान तीन गोष्टी: शहर, संस्थान आणि जिल्हा. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झाले, १ मे १९६० पासून जिल्हा महाराष्ट्रात. १९०२ च्या कागदावर 'कोल्हापूर, महाराष्ट्र' असे लिहिणे चूक आहे. त्यातही एखादा आदेश दरबाराने काढला असेल तर तिथे कोल्हापूर हे ठिकाण नाही, आदेश काढणारी सत्ता आहे. ती संस्थांच्या तक्त्यात गेली पाहिजे.

एक कागद जवळून पाहू. करवीर सरकारचे गॅझेट, २६ जुलै १९०२. राज्याच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना देण्याचा राजर्षी शाहूंचा आदेश यात छापला आहे. महाराज त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. तुमच्याकडे समजा १९०२ च्या गॅझेटचा बांधीव खंड आहे आणि तो अखंड एका पीडीएफमध्ये स्कॅन केला आहे. तुमच्या यादीत ओळ असेल: 'गॅझेट १९०२, पीडीएफ'. आरक्षणाचा इतिहास शोधणारी विद्यार्थिनी या ओळीपर्यंत कधीच पोहोचणार नाही.

मॉडेलमध्ये हे असे दिसेल. गॅझेट हे नियतकालिक, एक कृती. २६ जुलैचा अंक त्याचा भाग. आदेश ही त्या अंकातली स्वतंत्र कृती, काढणारे शाहू छत्रपती, त्यांचा क्रमांक अमुक. बांधीव खंड ही तुमची प्रत, तिच्यात अनेक अंक. स्कॅनची फाइल त्या प्रतीची, आणि आदेश त्या फाइलच्या अमुक पानावर. पुढे शाहू महाराजांच्या कागदपत्रांच्या एखाद्या संग्रहात हाच आदेश पुन्हा छापलेला मिळाला, तर तो त्याच कृतीला जोडला जाईल. विषय म्हणून 'आरक्षण' हा शब्द माणसालाच द्यावा लागेल. शंभरावर वर्षांपूर्वीच्या सरकारी मजकुराचे शब्द आणि आजच्या वाचकाच्या शोधाचे शब्द वेगळे असतात, म्हणून ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरे संगणकाने ओळखणे, कितीही चांगले झाले तरी विषयाचे काम संपत नाही. अंकातल्या प्रत्येक सूचनेला अशी नोंद करणे शक्य नाही हे मलाही माहीत आहे. अंकाच्या पातळीवर सगळे उतरवा, त्याखाली निवडक. पण निवडक नोंद करायची वेळ आली तेव्हा तिला जागा असेल, अशी रचना आज करून ठेवा. मासिकांच्या खंडांना आणि दिवाळी अंकांना हाच साचा लागू आहे.

तारखांसाठी दोन रकाने ठेवा. एकात कागदावर जशी लिहिली तशी, अक्षरशः. दुसऱ्यात तिचे इसवी सनातले रूप. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की सन येतो, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९. मोडी कागदांत शुहूर सन भेटतो. तो मृगाच्या सुमारास बदलतो, त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे असेल तर ६००. ज्या कागदावर नुसते साल आहे, महिना नाही, त्याचा इसवी सन एक आकडा नसून दोन वर्षांत पसरलेला काळ आहे. तसाच तो नोंदवा. 'सुमारे १८९०', '१९०० ते १९१० मध्ये केव्हातरी' अशा अनिश्चित तारखा संगणकाला वाचता येतील अशा लिहिण्याची पद्धत २०१९ पासून आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात आहे, ती वापरा. अंदाजाची तारीख पक्की म्हणून लिहिलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की याबाबत मी जरा हट्टी आहे.

मोडी कागदांना कृती-पाठ-आवृत्ती लावू नका. ते छापून प्रसिद्ध झालेले नाहीत आणि त्यांचा अर्थ शेजारच्या कागदांवरून लागतो. दप्तरखान्याच्या वर्णनाची रीत वेगळी आहे. आयसॅड-जी हे तिचे आंतरराष्ट्रीय मानक. वर संपूर्ण संग्रह, त्याखाली मालिका, त्याखाली रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, त्याखाली एकेक कागद. कागद कोणत्या रुमालातून निघाला आणि तो रुमाल तुमच्याकडे कोणत्या घराण्याकडून आला, ही माहिती पुसली गेली तर कागद अर्धा मुका होतो. म्हणून विषयवार लावण्याच्या उत्साहात रुमाल मोडू नका. विषय नोंदीत द्या, क्रम मूळचाच ठेवा. देवनागरी लिप्यंतर केले असेल तर ते वेगळा मजकूर म्हणून कागदाला जोडा, कोणी केले आणि केव्हा, हे लिहून. लिप्यंतर म्हणजे वाचन, आणि एकाच ओळीची दोन जाणकारांची दोन वाचने असू शकतात. मोडी लिपी २०१४ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या जागतिक अक्षरसंचात आहे, त्यामुळे मूळ लिपीतला मजकूरही ठेवता येतो, पण आज वाचकांच्या शोधाला देवनागरीच उपयोगी पडेल.

फोटोंना शीर्षक नसते, त्यांचे मॉडेल प्रसंगाभोवती उभे करा. खासबागेच्या मैदानातल्या कुस्तीचा फोटो असेल तर कुस्ती हा प्रसंग, त्याला तारीख, ठिकाण आणि पैलवान जोडलेले. फोटो काढणे हा दुसरा, तो तुमच्याकडे देणगीत येणे हा तिसरा. संग्रहालयांचे सीआयडीओसी-सीआरएम हे मॉडेल अशाच प्रसंगकेंद्री विचारावर बेतलेले आहे. फोटोच्या पाठीमागे लिहिलेला मजकूर स्कॅन करायला विसरू नका, बहुधा तोच एकमेव पुरावा असतो.

विषयांसाठी एक नियंत्रित शब्दसूची हवी: कुस्ती, आखाडा, तालीम, पैलवान यांतला मुख्य शब्द कोणता, पर्यायी कोणते, कोण कोणाच्या पोटात. गूळ, गुऱ्हाळ, ऊस, साखर कारखाना हे तसेच. सूची लहान ठेवा, पण एका माणसाच्या हातात ठेवा.

आता फाइल. इथे सिद्धांत साधा आहे. रॉबर्ट कान आणि रॉबर्ट विलेन्स्की यांनी १९९५ मध्ये डिजिटल वस्तूची जी मांडणी केली, तिच्या गाभ्याशी तीन गोष्टी आहेत: प्रत्यक्ष डेटा, त्याबद्दलची माहिती, आणि कधीही न बदलणारी ओळख. ओळख म्हणजे निरर्थक अनुक्रमांक असावा. त्यात शीर्षक, विषय, कपाट क्रमांक काहीही घालू नका, कारण ते सगळे बदलते. फाइलचे नाव त्याच क्रमांकावरून, रोमन अक्षरे आणि आकडे एवढ्यातच, मोकळी जागा न सोडता. 'नवीन स्कॅन फायनल २' असल्या नावांची फाइल म्हणजे ओळख हरवलेली वस्तू.

एका स्कॅनच्या अनेक फाइली असतात, हेही मॉडेलमध्ये दिसू द्या: जतनाची टिफ, वाचनाची पीडीएफ, ओसीआरचा मजकूर. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० बिंदू), दाबून लहान न करता साठवले तर सुमारे २६ एमबी होते. २०० पानांना पाच जीबीच्या पुढे. त्यामुळे फक्त पीडीएफ ठेवून टिफ पुसण्याचा मोह होतो. दुर्मीळ वस्तूंच्या बाबतीत तो आवरा. प्रत्येक फाइलची चेकसम, म्हणजे तिच्यातल्या डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा, काढून नोंदीत ठेवा आणि ठरावीक काळाने पडताळा, म्हणजे फाइल नकळत बिघडली की कळते. कोणती फाइल केव्हा, कोणत्या यंत्रावर, कोणी केली, हा इतिहासही नोंदीचा भाग. ओएआयएस या जतनाच्या मानकात संग्रहाकडे येणारे, संग्रहात राहणारे आणि वाचकाला दिले जाणारे असे तीन वेगळे गठ्ठे मानले आहेत. तुमच्यासाठी त्याचा अर्थ इतकाच की वाचकासाठीच्या डिस्कवर जतनाची प्रत ठेवू नये. आणि निदान एक प्रत पंचगंगेच्या पुरापासून दूर, दुसऱ्या शहरात असावी. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला याचे कारण सांगायला नको.

मराठीसाठी एक खास गोष्ट, जी परदेशी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होते: एकच वर्ण म्हणून, किंवा 'अ' वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. 'गुऱ्हाळ' किंवा 'वाऱ्यावर' मधला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे साठवला जातो: एकदा नुक्ता असलेल्या ऱ ने, एकदा साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडवर्ण देऊन. एकाच अक्षराची वेगळी रूपे एक करणारे युनिकोडचे ठरलेले सामान्यीकरण या दोन्ही जोड्यांना एक करत नाही. म्हणजे एका मदतनिसाने नोंदवलेले 'गुऱ्हाळ' दुसऱ्याच्या शोधात सापडणार नाही. एकच रूप ठरवा, आणि नोंद साठवताना व शोध घेताना दोन्ही वेळी सगळे त्या रूपात बदलणारा छोटा नियम सॉफ्टवेअरमध्ये घालून घ्या. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्या असतील तर आधी त्या रूपांतरित करून माणसाकडून तपासून घ्या. 'कोल्हापुर' आणि 'कोल्हापूर' अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकांसाठी मूळ पानावरचे तसेच ठेवून प्रमाण रूप शेजारी द्या.

हे सगळे प्रत्यक्षात कसे सुरू करायचे? व्हर्जिनिया टेकच्या एडवर्ड फॉक्स, मार्कोस गोन्साल्विस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये डिजिटल ग्रंथालयाची जी सैद्धांतिक मांडणी केली, तिच्या पाच अंगांपैकी दोन म्हणजे प्रसंग-आराखडे आणि समाज: कोण येणार आणि काय करणार. सिद्धांतातला हा भाग मला सर्वांत उपयोगी वाटतो. तुमच्या देवघेवीच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला विचारून वाचकांचे खरे प्रश्न लिहून काढा. 'आजोबांचा लेख एका मासिकात आला होता, नाव आठवत नाही.' 'शाहू महाराजांच्या वसतिगृहांसंबंधी मूळ कागद हवेत.' 'आमच्या तालमीचा जुना फोटो आहे का?' मग संग्रहातल्या ३० अवघड वस्तू निवडा, सोप्या नकोत: एक अनुवाद, एक बांधीव खंड, एक तारीख नसलेला फोटो, एक मोडी रुमाल. त्या कागदावर मांडा. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या मांडणीतून निघते का ते पाहा. जिथे अडते तिथे मॉडेल अपुरे आहे.

त्यानंतर एक्सेलमध्येच वेगवेगळी पाने करा: कृती, पाठ, आवृत्ती, प्रत, फाइल, व्यक्ती व संस्था, स्थळे, विषय. दप्तर आणि प्रसंग यांची स्वतंत्र पाने. आणि एक पान फक्त नात्यांचे, तीनच कॉलमचे: हा क्रमांक, हे नाते, तो क्रमांक. 'पाठ २१२, याचा अनुवादक, व्यक्ती ८७.' वेबवरचा जोडलेला डेटा ज्या आरडीएफ नावाच्या मांडणीवर चालतो त्याचे मूळ एकक हेच त्रिपद आहे, त्यामुळे पुढे कोणत्याही व्यवस्थेत जाताना हे पान वाया जात नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. संग्रहात मुख्यतः पुस्तके आणि प्रबंध असतील, आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस कायमचा मिळणार असेल, तर डीस्पेस घ्या, पण ७ किंवा त्यापुढची आवृत्ती. आधीच्या आवृत्त्यांत समुदाय, संग्रह, वस्तू, फाइल अशी उतरंड एवढीच रचना होती. २०२१ पासून व्यक्ती, नियतकालिक असे घटक वेगळे ठेवून एकमेकांशी जोडता येतात. ग्रीनस्टोन न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाचे, साध्या संगणकावर आणि इंटरनेटशिवायही चालते. वाचनालयातल्या वाचनालयातच वापर असेल तर ते पुरेसे आहे, नात्यांच्या बाबतीत मात्र ते तोकडे पडेल. तुम्ही वर्णन केलेल्या मिश्र संग्रहासाठी, फोटो आणि मोडी कागद धरून, मी ओमेका एस हे सॉफ्टवेअर आधी पाहीन, कारण त्यात एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे थेट दुवा देणे हीच मूळ कल्पना आहे. कपाटातल्या पुस्तकांच्या देवघेवीसाठी कोहा हे सॉफ्टवेअर असेल तर ते तसेच राहू द्या, फक्त दाखल क्रमांक दोन्हीकडे एकच ठेवा.

निवड पक्की करण्याआधी त्या ३० वस्तू प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये भरून पाहा, आणि मग त्या सगळ्या, नात्यांसकट, परत बाहेर काढून पाहा. ज्यातून नाती अखंड बाहेर येत नाहीत, त्यात तुमचा संग्रह घालू नका.